बँकॉकमध्ये दीड महिना: आधी गल्ली, मग खोली

प्रश्न असा आहे: "मिस्टरांना बँकॉकला दीड महिन्याचं काम आहे, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. ऑफिस असोक स्टेशनजवळ. मी आणि सासूबाईही जाणार आहोत. हॉटेल परवडत नाही, म्हणून महिना २५ हजार बाटपर्यंत सर्व्हिस्ड अपार्टमेंट शोधतोय. तिघंही शाकाहारी. सासूबाईंचे गुडघे दुखतात. कुठला भाग घ्यावा? इथूनच बुक करावं का? आणि कुकर न्यावा का?"

कुकरचं शेवटी सांगते. त्याचं उत्तर तुम्ही कुठल्या इमारतीत जाता यावर अवलंबून आहे.

मी ठाण्याच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत बारा वर्षं ॲडमिन सांभाळते. बँकॉकला जाणाऱ्या आमच्या माणसांची राहायची सोय लावणं माझ्याकडे असतं, त्यामुळे वर्षातून एक-दोनदा जाऊन खोल्या स्वतः बघते. शंभरेक तरी पाहिल्या असतील. पहिली काही वर्षं मी खोल्याच बघायचे: गादी कशी आहे, एसी आवाज करतो का, नळाला धार कशी आहे. आता मी आधी गल्ली चालून बघते, मग वर जाते. तुमच्या बजेटमधली खोली तिथे थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखीच असते. पांढऱ्या टाइल्स, कपाट, छोटा फ्रिज, मायक्रोवेव्ह, बाल्कनीत एसीचं आउटडोअर युनिट आणि त्याच्या गरम हवेत कपडे वाळवायचा स्टँड. एक चांगली बातमी म्हणजे संडासात जेट स्प्रे असतोच, त्यासाठी डबा शोधावा लागत नाही. फरक पडतो तो गल्लीचा. स्वस्त खोलीत स्वयंपाकघर नावापुरतं, कपडे धुवायचं मशीन खाली किंवा नाहीच. म्हणजे जेवण, धोबी, प्यायचं पाणी, स्टेशनपर्यंतची सवारी हे सगळं गल्लीतूनच यायचं.

गल्लीला तिथे सॉय म्हणतात. सुखुमवित हा लांबलचक रस्ता, त्याच्या एका अंगाला विषम आकड्यांचे सॉय, दुसऱ्या अंगाला सम. आपल्याला वाटतं २१ च्या समोर २२ असणार. अगदी सुरुवातीला, सॉय ३ आणि ४ पाशी, असं जवळपास जमतंही, पण पुढे हिशेब सुटत जातो. थोंग लो म्हणजे सॉय ५५, आणि त्याच्या समोर येतो सॉय ३८. एक्कामाय ६३, समोर ४२. त्यामुळे "सॉय ४० म्हणजे सॉय ३९ च्या समोरच असेल" असं धरून बुक केलं तर दोन स्टेशनांचा फरक पडू शकतो. दुसरं म्हणजे बरेचसे सॉय पुढून बंद असतात. आपल्यासारखी ही गल्ली त्या गल्लीला जाऊन मिळत नाही. आत एक किलोमीटर गेलात तर बाहेर यायलाही तोच एक किलोमीटर.

हे मला माझ्या खर्चाने कळलं. २०१४ साली कंपनीतल्या दोघा मुलांसाठी मी एक जागा ठाण्यात बसून बुक केली. जाहिरातीत लिहिलं होतं, "स्टेशनपासून ४०० मीटर". नकाशावर सरळ रेघ ओढली तर ४०० मीटरच होते. मध्ये सेन सेप कालवा होता एवढंच. पूल गाठून, वळसा घालून चालत सव्वा किलोमीटर, आणि तेही फूटपाथ नसलेल्या रस्त्याने. मुलं रोज घामाने भिजून ऑफिसला पोचायची. पंधरा दिवसांचे पैसे सोडून दिले आणि दुसरीकडे हलवलं. तेव्हापासून मी जाहिरातीतलं अंतर वाचतच नाही. नकाशावर स्टेशनचा नेमका कुठला जिना ते बघायचं, तिथून इमारतीच्या फाटकापर्यंत पायी रस्ता काढायचा आणि मग त्या रस्त्याचे फोटो एकेक करून बघायचे. अंतर सॉयच्या तोंडापर्यंतचं नाही, फाटकापर्यंतचं धरायचं. सासूबाई असताना माझी मर्यादा ३०० मीटर.

फोटोत बघायचं काय? फूटपाथ आहे का आणि तो सलग आहे का. बँकॉकचे फूटपाथ म्हणजे कुठे झाड, कुठे विजेचा खांब, कुठे उखडलेली फरशी. पावसानंतर त्याच फरशीवर पाय पडला की खालचं पाणी चपलेत. सॉयच्या तोंडाशी भगव्या जाकिटातली मोटरसायकलवाली मंडळी बसलेली दिसतात का. त्यांच्या थांब्याला "विन" म्हणतात. १०-२० बाटमध्ये फाटकापर्यंत सोडतात, दरफलक बहुतेक ठिकाणी लावलेला असतो. सासूबाई मागे बसणार नाहीत हे मला माहीत आहे, पण तुम्ही भाजीच्या पिशव्या घेऊन नक्की बसाल. सेव्हन इलेव्हन आहे का, ते नसतं अशी गल्ली शोधावी लागेल. आणि निळं-पांढरं पाण्याचं मशीन. त्यात नाणं टाकलं की साधारण बाटला लीटरभर गाळलेलं पाणी येतं. नळाचं पाणी तिथेही कोणी पीत नाही, आणि तीन माणसांना रोज बाटल्या विकत घेणं म्हणजे पैसे आणि प्लास्टिक दोन्हींची नासाडी. पाच लीटरचा कॅन पहिल्याच दिवशी घ्या.

रात्रीची गल्ली वेगळी असते, हे मात्र फोटोत दिसत नाही. त्यासाठी त्या इमारतीबद्दल लोकांनी लिहिलेल्या तक्रारी वाचा, कौतुक वाचू नका. तक्रारीत "आवाज" हा शब्द दोनदा आला तर सोडून द्या. नाना स्टेशन आणि सॉय ११ च्या आसपास भारतीय हॉटेलं भरपूर, म्हणून आपली माणसं तिकडे ओढली जातात, पण तो भाग रात्री उशिरापर्यंत जागा असतो. प्रातुनामचंही तसंच. खरेदीला एक दिवस जा, राहू नका. शेजारी बांधकाम चालू आहे का हेही विचारा. इमारतवाले "थोडंसं" म्हणतात. त्याचा अर्थ सकाळी आठला ड्रिल सुरू. एका आवाजावर मात्र इलाज नाही: पहाटे चारला कोकीळ. आपल्याकडे वसंतात कौतुकाने ऐकतो तोच पक्षी, तिथे बाल्कनीसमोरच्या झाडावर बसून गजराच्या आधी उठवतो. आमच्या एका साताऱ्याच्या मुलाने त्याबद्दल माझ्याकडे लेखी तक्रार पाठवली होती.

आता भाग. ऑफिस असोकला म्हणजे तुम्ही सुदैवी आहात, तिथे उन्नत रेल्वे आणि भुयारी मेट्रो दोन्ही मिळतात. असोकच्या शेजारीच राहायचं म्हटलं तर २५ हजारात तिघांची सोय अवघड. फ्रोम फोंग, थोंग लो महाग. मी पहिली पसंती देईन ऑन नुटला, असोकपासून पाच स्टेशनं, गाडीत बसून दहा-बारा मिनिटं. २०११ पर्यंत ही लाइन ऑन नुटलाच संपायची, त्यामुळे "शहराच्या टोकाचा भाग" म्हणून भाडी कमी राहिली. लाइन पुढे गेली, भाडी चढली, पण अजून आवाक्यात आहेत. स्टेशनजवळच लोटसचं मोठं दुकान आहे, भाजीबाजार आहे, आणि वस्ती साध्या नोकरदार थाई लोकांची आहे, त्यामुळे खाण्याचे दर पर्यटकांचे नाहीत. त्याच्या अलीकडचं फ्रा खनोंगही चालेल.

दुसरी पसंती हुआय ख्वांग. असोकच्या भुयारी मेट्रोने चार स्टेशनं. तिथल्या मोठ्या चौकात गणपतीचं देऊळ आहे, उघड्यावरच, रस्त्याला लागून. थाई लोकांची गणपतीवर फार श्रद्धा. त्यांच्या ललित कला विभागाच्या चिन्हातही तोच आहे. नवस बोलायचा तो उंदराच्या कानात, आणि दुसरा कान हाताने झाकून, म्हणजे बोललेलं पलीकडून बाहेर जाऊ नये. सिद्धिविनायकाला आपण करतो तेच. गणपतीचे दिवस तुमचे तिकडे जाणार असतील, तर सासूबाईंना हा चौक घरापासून चालत असणं ही ऑन नुटपेक्षा मोठी गोष्ट ठरू शकते. हे तुम्ही ठरवा. मी गुडघ्यांचा विचार करून ऑन नुट म्हणते आहे. आणि कुठलंही स्टेशन घ्या, लिफ्ट कुठल्या बाजूच्या फाटकाला आहे ते आधी बघा. लिफ्ट रस्त्याच्या पलीकडे आणि घर अलीकडे असलं तर रोज पादचारी पुलाच्या पायऱ्या आल्या.

"सर्व्हिस्ड" या शब्दाचा अर्थ इमारतीगणिक बदलतो. कुठे रोज झाडलोट, कुठे आठवड्यातून दोनदा, कुठे फक्त चादरी बदलतात आणि झाडू तुमच्या हातात. लेखी विचारून घ्या. तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाचा प्रश्न दीड महिन्याचा आहे. या इमारतींचे दर दोन, रोजाचा आणि महिन्याचा. महिना १८ हजार म्हणजे रोजाचे ६०० पडतात, पण तीच खोली रोजाने ११००-१२०० ला असते. पहिला महिना मासिक दराने आणि वरचे पंधरा दिवस रोजाच्या दराने लावले की ते पंधरा दिवस महिन्याएवढेच पडतात. बुक करायच्या आधी एकच ओळ मागा: "४५ दिवस, मासिक दराच्या प्रमाणात, एकूण इतके." चार ठिकाणी विचारलं तर दोन जण मानतात, ऑक्टोबर संपेपर्यंत तिकडे गर्दी नसते. दरापुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर समजा की १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ७ टक्के कर वेगळा, म्हणजे मिळून १७.७ टक्के वाढ.

आणि वीज. याच्यावर मी जरा जास्त बोलणार, कारण माणसं फसतात ती इथे. रोजाच्या दरात वीज धरलेली असते, महिन्याच्या दरात नसते. महिन्याने राहिलात की मीटर. बँकॉकच्या वीज मंडळाचा दर युनिटला चार-सव्वाचार बाटच्या आसपास येतो, पण इमारतवाले सात, आठ, कधी नऊ लावतात. २०१८ साली तिथल्या ग्राहक संरक्षण मंडळाने पाच किंवा अधिक खोल्या भाड्याने देणाऱ्यांवर नियम आणला, की वीज-पाण्यावर नफा काढायचा नाही आणि अनामत एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घ्यायची नाही. पुढे त्यात बदलही झाले. हॉटेलचा परवाना असलेल्या इमारती त्याच्या कक्षेत येत नाहीत, आणि सर्व्हिस्ड अपार्टमेंटवाल्यांकडे पुष्कळदा तोच परवाना असतो. त्यामुळे नियम दाखवून भांडण्यात अर्थ नाही. दर विचारा, हिशेब करा, मग भाड्यांची तुलना करा.

हिशेब असा. एक टनाचा जुना एसी तासाला जवळपास एक युनिट खातो. ऑफिसला जाणारा एकटा मुलगा रात्री आठ तास लावतो, महिन्याचे २४० युनिट, आठ बाटने १९२०. तुमच्याकडे दोन बायका दिवसभर घरात, म्हणजे सोळा तास धरा: ४८० युनिट, ३८४०. मंडळाच्या दराने हेच २००० च्या आसपास आलं असतं. वन बेडरूम घेतलीत तर एसी दोन. म्हणजे २० हजारांची, वीज आठ बाटने असलेली खोली आणि २२ हजारांची, वीज मंडळाच्या दराने असलेली खोली, यात दोन्ही एसी चालले तर तुम्हाला दुसरीच स्वस्त पडते. बाट सध्या आपल्या अडीच रुपयांच्या वरच आहे, तेव्हा हा फरक रुपयांत करून बघा. ताबा घेताना मीटरचा फोटो काढा, रिसेप्शनवरच्या मुलीला दाखवूनच काढा. आमच्या एकाच्या बिलात आधीच्या भाडेकरूचे नव्वद युनिट आले होते, फोटो होता म्हणून वजा झाले. तीच मुलगी नंतर दर वर्षी मला आंब्याचे चिप्स देते, ते वेगळं.

इथून पूर्ण महिन्याचं बुक करू नका. चार रात्रींचं रोजाने करा, तिथे पोचा, पहिले दोन दिवस तीन-चार इमारती चालून बघा. त्यातली जी आवडेल तिथे मासिक करा. समोर बसलेल्या माणसाला ते जो दर देतात तो संकेतस्थळावर कधीच नसतो. पहिल्या चार रात्रींसाठी मात्र परवाना असलेलीच जागा घ्या. खासगी फ्लॅट रोजाने देणं थायलंडच्या २००४ च्या हॉटेल कायद्यात बसत नाही. हुआ हिन शहराच्या न्यायालयाने २०१८ च्या सुरुवातीला तसं स्पष्ट म्हटलं, आणि बऱ्याच सोसायट्यांच्या लॉबीत "रोजाने भाडं चालणार नाही" अशी पाटी असते. मालक तुम्हाला सांगतो, "कोणी विचारलं तर पाहुणे म्हणा." सासूबाईंना सुरक्षारक्षकासमोर खोटं बोलायला लावू नका. महिना किंवा जास्त राहणाऱ्याला फ्लॅट घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, पण तिथे मालक बहुतेक सहा महिने किंवा वर्षाचा करार मागतात.

खोली बघायला वर जाल तेव्हा भिंतीचा रंग बघू नका. शॉवर सोडा आणि तेव्हाच फ्लश करा, धार मरते का ते कळतं. गादीची शिवण कोपऱ्यात उचलून ढेकणांचे काळे ठिपके बघा. गाद्या तिथे कडक असतात, सासूबाईंना बरंच आहे. खिडकी उघडून समोर काय आहे ते बघा. स्वस्त खोल्यांपैकी निम्म्यांसमोर दीड मीटरवर शेजारच्या इमारतीची भिंत असते, आणि फोटोत पडदे ओढलेले असतात ते त्याचसाठी. एसी सोळावर लावून पाच मिनिटं थांबा, खाली पाणी ठिबकतं का बघा.

तिघं आहात, तर चावीचा प्रश्न आधी सोडवा. दाराची चावी म्हणजे कार्ड. तेच कार्ड लिफ्टला लागतं आणि तेच दाराजवळच्या खाचेत घातलं की खोलीची वीज चालू होते. इमारतवाले एकच कार्ड देतात. तुम्ही दोघं ते घेऊन खाली गेलात की सासूबाई अंधारात आणि एसी बंद. दुसरं कार्ड मागा, त्याची वेगळी अनामत पडली तरी द्या. काही मुलं खाचेत कुठलंही जुनं कार्ड घालून ठेवतात आणि पुष्कळ ठिकाणी ते चालतंही, पण तुम्हाला मी तसं करा म्हणणार नाही. तिसऱ्या माणसाचं विचारताना "एक्स्ट्रा बेड" आणि "एक्स्ट्रा पर्सन" असे दोन्ही आकार लागतात का हे स्पष्ट करून घ्या. खरं तर तिघांना स्टुडिओ, म्हणजे एकाच खोलीचं घर, नकोच. ऑन नुटला जुन्या इमारतीत वन बेडरूम तुमच्या बजेटमध्ये बसते.

मजला पाचवा ते आठवा मागते मी हल्ली. २०२५ च्या २८ मार्चला म्यानमारमध्ये भूकंप झाला तेव्हा बँकॉकच्या उंच इमारती झुलल्या, चतुचाक भागात सरकारी कार्यालयाची बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली. आमची दोन मुलं एकोणिसाव्या मजल्यावर होती. जिन्याने उतरली, रेल्वे बंद, संध्याकाळपर्यंत बेंजासिरी बागेत बसून राहिली. त्यातल्या एकाने मला बागेतून फोन केला तेव्हा पायांत चप्पल नव्हती. तरुण मुलं एकोणीस मजले उतरतात. सासूबाईंना सहा मजल्यांचाच हिशेब ठेवा. तळमजल्याजवळही नको, कारण तुमचा काळ भर पावसाचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात संध्याकाळी तासभर कोसळतो आणि काही सॉय गुडघ्यापर्यंत भरतात. तुमचा सॉय भरतो का, हे रिसेप्शनला विचारू नका, तोंडाशी बसलेल्या मोटरसायकलवाल्याला विचारा. तो हाताने पोटरीवर खूण करून दाखवतो.

जेवण. शाकाहारी माणसाचा शत्रू तिथे मांस नाही, मासळीचा रस आहे. भाजीत, सॅलडमध्ये, सगळ्यात तो असतो, आणि विकणारीला तो मीठच वाटतो. "माय साय नाम प्ला" हे पाठ करा: मासळीचा रस घालू नका. अंडं चालत नसेल तर "माय साय खाय". दुकानावर पिवळ्या झेंड्यात लाल अक्षरांत इंग्रजी सतरासारखं काहीतरी लिहिलेलं दिसलं की ते "जे", म्हणजे आपल्या उपासाच्याही पुढचं शाकाहारी: मांस-मासळी नाही, अंडं-दूध नाही, कांदा-लसूणही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास चिनी पंचांगाप्रमाणे त्यांचे नऊ-दहा दिवसांचे "जे" व्रत येतं, तेव्हा गल्लोगल्ली पिवळे झेंडे लागतात. तुमच्या मुक्कामात ते येण्याची शक्यता चांगली आहे, आणि त्या दिवसांत माझी शाकाहारी मुलं मला फोनसुद्धा करत नाहीत. कणीक, डाळी, हिंग हे पाहुरातला मिळतं, जुनी भारतीय पेठ आहे, गुरुद्वाराही तिथेच. एकदा टॅक्सीने जाऊन दीड महिन्याचं भरून आणा.

झाडलोट करणाऱ्या बाईंशी ओळख करून ठेवा. तिथेही नावाने हाक मारत नाहीत. वयाने थोडी मोठी असेल तर "पी", आईच्या वयाची असेल तर "पा", पुरुष असेल तर "लुंग". ताई, मावशी, काका, तेच. सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून "पा" म्हणायला सुरुवात केली की टॉवेल न मागता येतात. इमारतीच्या अंगणातल्या छोट्या देवघरासमोर लाल सरबताची बाटली नळी घालून ठेवलेली दिसेल, ती नैवेद्याची आहे. नातवंडं बरोबर असती तर हे आवर्जून सांगितलं असतं, आमच्या एका मुलाचा पोरगा ती प्यायला होता.

कागदपत्रांचं थोडक्यात. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत इमिग्रेशनला कळवणं हे जागामालकाचं काम, त्याला टीएम ३० म्हणतात. हॉटेल परवान्याची जागा आपोआप करते, तरी विचारा. तिथे पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं, मे २०२५ पासून ते लागतं, आणि ते फुकट आहे. पैसे मागणारं पान उघडलं तर बंद करा. व्हिसाचे नियम इतक्यांदा बदललेत की माझ्या शब्दावर जाऊ नका, दूतावासाचं पान त्या आठवड्यात बघा. मिस्टर कामाला जात आहेत, तेव्हा त्यांचा व्हिसा पर्यटकाचा नसावा, हे कंपनीकडून लेखी घ्या. अनामत परत कधी आणि कशी मिळणार हेही लेखी. बँकेत पंधरा दिवसांनी जमा करू म्हणाले तर तुमचं थाई खातं नाही हे त्यांना तिथेच सांगा आणि निघायच्या दिवशी रोख मागा. शेवटचं वीजबिल आदल्या संध्याकाळी करून घ्या, पहाटेच्या विमानाला रिसेप्शनवर फक्त रखवालदार असतो.

आता कुकर. "किचन" लिहिलेल्या खोलीत पुष्कळदा फक्त बेसिन आणि मायक्रोवेव्ह असतो. शेगडी असली तर इंडक्शन किंवा विजेची तबकडी, गॅस चालत नाही. तुमचा साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापणारच नाही. घरची इंडक्शन शेगडी न्यायची म्हटली तर वीज जवळपास आपल्यासारखीच, २२० व्होल्टची आहे, पण आपली तीन जाड पिनांची प्लग तिथल्या सॉकेटात जात नाही, आणि स्वस्त अडॅप्टरवर दोन हजार वॉट चालवू नका. फोडणीचा धूर हाही प्रश्न. खिडकी एकच असते, आणि वास कॉरिडॉरभर फिरतो. म्हणून सल्ला असा, की लोटसमधून सहा-सातशे बाटचा विजेचा राइस कुकर घ्या. त्यात भात होतो, मूगडाळीचं वरण होतं, खिचडी तर उत्तम होते. येताना तो "पा"ना देऊन या.

शिट्टीच्या कुकरशिवाय सासूबाईंचं चालणारच नसेल तर इथून नेऊ नका. ऑन नुटच्या एका इमारतीत हाउसकीपिंगच्या कपाटात आमचा तीन लीटरचा, इंडक्शनच्या बुडाचा स्टीलचा कुकर गेली चार वर्षं आहे. आमचा एक नाशिकचा मुलगा ठेवून आला, आणि तिथे राहणारी आपली माणसं तो मागून घेतात. तुमचं तिथेच ठरलं तर मला कळवा, मी त्यांना निरोप देईन. फक्त झाकणाची रिंग नवी घेऊन जा, जुनी सैल झाली आहे.